अयुथयाऐवजी फेचबुरीला जा, पण दोन रात्री राहणार असाल तरच

तुमचा प्रश्न वाचला. डिसेंबरात आईबाबांना घेऊन आठ दिवस थायलंड, बँकॉक आधी एकदा झालंय आणि तेव्हा तिसऱ्याच दिवशी ट्रॅफिक आणि मॉलनी डोकं उठलं होतं, म्हणून या वेळी मधे कुठलंतरी शांत जुनं गाव हवंय. बाबांना इतिहासाचं वेड, आई शाकाहारी आणि गुडघे दुखतात. जो तो अयुथया, म्हणजे थायलंडची जुनी राजधानी, सांगतोय, तर तेच करावं का.

मी गेली चौदा वर्षं छोटे ग्रुप घेऊन थायलंडला जातोय, आठदहा माणसं, बहुतेक ठाणे-डोंबिवली-पुण्याची आणि निम्मी तरी साठीच्या पुढची, म्हणजे तुमच्या आईबाबांसारखीच मंडळी. माझं उत्तर फेचबुरी. आणि दोन रात्री मुक्काम. सकाळी जाऊन संध्याकाळी परत असा विचार असेल तर सरळ अयुथया करा, ते जवळ पडतं आणि एका दिवसात होतंही.

अयुथयाला नावं ठेवायची नाहीयेत, मोठीच जागा आहे ती. पण एप्रिल १७६७ मध्ये बर्मी सैन्याने ते शहर घेतलं आणि जाळलं, त्यामुळे आज तुम्ही बघता ते विटांचे सांगाडे, डोकं नसलेल्या बुद्धमूर्ती आणि मोकळी मैदानं. लाकूड गेलं, भिंतींवरची चित्रं जवळजवळ सगळी गेली, सोनं गेलं. बाबा तिथे उभे राहून विचारणार की हे उभं होतं तेव्हा दिसायचं कसं, आणि त्याचं उत्तर अयुथयात मिळत नाही, ते मिळतं बँकॉकपासून सव्वाशेएक किलोमीटर नैर्ऋत्येला फेचबुरीत, कारण अयुथयाच्या काळातलं लाकूडकाम आणि त्या काळची भित्तिचित्रं या गावात अजून शाबूत आहेत, आणि ती काचेच्या पेटीत नाहीत, चालत्या देवळांत आहेत जिथे बाजूला भिक्खूंचे कपडे वाळत असतात. मला हे कळायला तीन वर्षं आणि एक फसलेली ट्रिप लागली. पहिल्यांदा मी ग्रुपला व्हॅनने एका दिवसासाठी नेलं, पोचलो साडेअकराला, डोक्यावर ऊन, देऊळ कुलूपबंद, सगळे वैतागलेले आणि चार वाजता परत गाडीत. डोंबिवलीच्या एक काकू म्हणाल्या, "अहो यात काय बघायचं होतं?" बरोबरच होतं त्यांचं. या गावाची वेळ म्हणजे सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर, मधल्या वेळात गावातले लोकही सावली शोधतात.

नावाचा घोळ आधी सांगतो कारण त्यात माणसं अडकतात. बँकॉकमध्येच फेचबुरी नावाचा मोठा रस्ता आहे आणि मेट्रोचं स्टेशनसुद्धा, तेव्हा टॅक्सीवाल्याला नुसतं फेचबुरी म्हणालात तर तो तुम्हाला कपड्यांच्या होलसेल मार्केटपाशी नेऊन सोडेल. शिवाय उत्तरेकडे फेचबून नावाचा वेगळाच प्रांत आहे. तुम्हाला हवंय ते गाव, थाई लोक बोलताना 'मुआंग फेत' म्हणतात. फेत म्हणजे हिरा, आपल्या वज्रावरूनच आलेला शब्द, आणि बुरी म्हणजे पुरी. वज्रपुरी म्हणा हवं तर.

जायचं कसं, तर रेल्वेने. व्हॅन लवकर पोचते असं सगळे सांगतील आणि कागदावर पोचतेही, पण दक्षिणेकडे जाणारा रामा टू रोड म्हणजे आपल्या मुंबई-गोवा हायवेचा थाई भाऊ, दशकानुदशकं बांधकाम चालूच, तिथले लोक त्याला सात पिढ्यांचा रस्ता म्हणून हसतात. लांब पल्ल्याच्या गाड्या आता बांग स्वेच्या नव्या टर्मिनलवरून सुटतात, जानेवारी २०२३ पासून, त्यात एसी डबे मिळतात. पण मला विचाराल तर नदीपलीकडच्या थोनबुरी स्टेशनवरून सकाळी सुटणारी साधी पॅसेंजर घ्या. सिरिराज हॉस्पिटलच्या जवळचं छोटंसं स्टेशन आहे, थर्ड क्लास, पंखे, उघड्या खिडक्या, तिकीट आपल्या चहा-वडापावच्या हिशोबातलं, तीनेक तास लागतात पण ते तास वाया जात नाहीत. वाटेत नाखोन पाथोमचा १२० मीटरचा स्तूप लागतो, स्टेशनजवळच आहे, खिडकीतूनसुद्धा दिसतो, मग राचबुरीला माए क्लोंग नदी ओलांडली की भातखाचरांच्या बांधांवर ताडाची झाडं सुरू होतात. आमच्यातल्या पालघर-डहाणूकडच्या माणसाचा चेहरा तिथेच खुलतो. ताडांची गर्दी झाली की समजायचं गाव आलं.

उतरल्यावर हॉटेल नदीच्या बाजूला घ्या, हायवेकडे नको. गावातून फेचबुरी नदी वाहते आणि तिच्या काठाने जुना बाजार आहे, लाकडी दुकानं, वरती माडी, आता काही घरांचे छोटे गेस्टहाऊस झालेत. एकेकाळी या नदीचं पाणी इतकं गोड मानत की राजवाड्यात प्यायला इथून न्यायचे. आईसाठी तळमजल्यावरची खोली आधीच मागून ठेवा कारण या जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. आणि गाव रात्री आठ-नऊला झोपतं, हे आधी सांगितलेलं बरं, मागाहून मला कुणी विचारू नये की नाईट लाइफ कुठे आहे.

आता बघायचं काय. एकच जागा बघायची झाली तर वाट याई सुवन्नाराम. वाट म्हणजे देऊळ-मठ. सकाळी सातला जा. आवारात तळं आहे आणि तळ्यात लाकडी खांबांवर उभं एक छोटं घर, ते ग्रंथालय, पोथ्या ठेवायची खोली. पाण्यात का, तर वाळवी आणि मुंग्या लागू नयेत म्हणून, आणि खांब मोजा, चार नाहीत तीनच आहेत. बाबांना हे मोजायला लावा, मजा येते. मुख्य देवळात भिंतीवर देवांच्या रांगाच्या रांगा आहेत, एकावर एक, देव, यक्ष, गरुड, ऋषी, सगळे मुख्य मूर्तीकडे तोंड करून हात जोडून बसलेले आणि मधे नागमोडी पट्टे आणि फुलं. तीनशे वर्षांच्या आसपासची चित्रं आहेत. रंग उडालेत, खालच्या बाजूला ओल चढलीय, तरी चेहरे निरनिराळे आहेत हे दहा मिनिटं बसल्यावर दिसायला लागतं, पहिल्या नजरेत सगळे सारखेच वाटतात. उभं राहून फोटो काढून निघालात तर काहीच दिसणार नाही, फरशीवर बसा, आईला खुर्ची मागा, देतात. मूर्तींमध्ये एक बुद्ध असा आहे की ज्याच्या एका पायाला सहा बोटं आहेत, तो शोधणं हा आमच्या ग्रुपचा ठरलेला खेळ.

त्याच आवारात सागवानी सभामंडप आहे, साला कान परियान म्हणतात, जिथे धर्मप्रवचन चालतं. हा अख्खा मंडप अयुथयाच्या राजवाड्यातून आला असं सांगतात. गोष्ट अशी की इथला एक मुलगा नदीत पोहताना वाहून आलेलं कलिंगडाचं साल पाण्याखाली जाऊन खायचा म्हणून पोरं त्याला तेंग मो, म्हणजे कलिंगड, असं चिडवायची. तो पुढे भिक्खू झाला, अयुथयाला गेला, संघराज झाला, म्हणजे देशातल्या सगळ्या भिक्खूंचा प्रमुख, पण नाव शेवटपर्यंत कलिंगडच राहिलं. राजाने त्या गुरूला दिलेला मंडप त्याने आपल्या गावच्या देवळाला आणला. मंडपाच्या कोरीव दारावर एक मोठी खाच आहे, ती बर्मी सैनिकाच्या कुऱ्हाडीची म्हणतात. खरी असो नसो, पण अयुथयाचा राजवाडा आज नाहीये आणि त्यातलं लाकूड इथे आहे एवढ्यासाठी तरी त्या दाराला हात लावण्याआधी मला दरवेळी थांबायला होतं. (हात लावू नका तसा, मी लावतो ते चूक आहे.)

दुसरं देऊळ वाट को, नदीकाठी, लहान. इथली चित्रं १७३४ सालची, म्हणजे आपल्याकडे चिमाजी अप्पांनी वसई घेण्याच्या पाच वर्षं आधीची. इथे मांडणीच वेगळी, त्रिकोणांत चित्रं बसवलीत, आणि बारकाईने बघितलंत तर परदेशी माणसंसुद्धा सापडतात, नाकेले, टोपीवाले, एक तर पाद्रीच आहे म्हणतात. बहुतेक वेळा दार बंद असतं. मागे हटू नका, आवारात कुणी भिक्खू किंवा झाडलोट करणारी बाई दिसेल, हात जोडून दाराकडे बोट दाखवा, किल्ली येते. निघताना दानपेटीत वीस-चाळीस बाट टाका. आजवर किल्लीसाठी मला कुणी पैसे मागितलेले नाहीत.

तिसरं वाट कांफेंग लाएंग, हे बहुतेक टुरिस्ट सोडतात आणि कोकणातल्या माणसाने मुळीच सोडू नये. हे ख्मेर लोकांचं, कंबोडियातल्या अंगकोरवाल्यांचं, सातआठशे वर्षांपूर्वीचं, आणि ते सगळं जांभ्याचं आहे! नावाचा अर्थच जांभ्याची भिंत. राजापूर-रत्नागिरीला घराच्या गडग्याला जो दगड बघत आपण मोठे झालो तोच भोकाभोकांचा लाल दगड आणि त्यावर एके काळी चुन्याचं नक्षीकाम होतं त्याचे तुकडे अजून चिकटलेत. पाच शिखरं होती, चार उरलीत. आधी हिंदू देवस्थान होतं असं मानतात, उमेची मूर्ती सापडलीय तिथे. अर्धा तास पुरतो, जमीन सपाट आहे, आईला काही त्रास नाही.

चुन्यावरून आठवलं, गावाच्या मधोमध पांढरी पाच शिखरं दिसतात ते वाट महाथात, तिथे शिखरांपेक्षा चुनेगच्चीचं काम बघा. फेचबुरीचे कारागीर चुन्यात वाळू, कागदाचा लगदा, सरस आणि ताडाचा गूळ घालून कुटतात आणि साचा न वापरता हाताने ओल्या चुन्यातच मूर्ती घडवतात. आपल्या वाड्यांच्या चुन्यातही गूळ पडायचा, त्यामुळे जुन्या गवंड्यांच्या घरातला माणूस बरोबर असला की इथून हलत नाही. आणि देवादिकांच्या मधे मधे, चौथरा डोक्यावर पेलणाऱ्या बुटक्यांमध्ये, चष्मेवाले थाई राजकारणीसुद्धा बसवलेत. इथल्याच एका नामांकित उस्तादाची करणी. देवळाच्या भिंतीवर पुढाऱ्यांची टिंगल आणि कुणी ती फोडलेली नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

आता टेकडी. खाओ वांग, कागदोपत्री नाव फ्रा नाखोन खिरी, म्हणजे बघा नगर आणि गिरी. साधारण नव्वद मीटर उंच, तीन शिखरं, राजा मोंगकुट म्हणजे चौथा राम याने १८६० च्या सुमाराला बांधलेला महाल. वर जायला रुळावरची छोटी ट्रॉली आहे, त्यामुळे गुडघ्यांची चिंता नाही, पण वर गेल्यावर एका शिखरावरून दुसऱ्यावर चालावं लागतं, आईने महालाचंच शिखर करावं आणि चाफ्याखाली बसावं. चाफा म्हणजे तोच, आपला देवळाबाहेरचा पांढरा-पिवळा, अख्खी टेकडी भरलीय. थाई लोक पूर्वी त्याला लानथोम म्हणायचे आणि तो शब्द दुःखाच्या शब्दासारखा ऐकू येतो म्हणून घरात लावत नसत, आता लीलावदी म्हणतात, हो, लीलावतीच, आणि सगळ्या हॉटेलांत लावतात.

बाबांसाठी खरी जागा आहे महालाजवळचा घुमटाचा गोल मनोरा, राजाची वेधशाळा. हा मोंगकुट गादीवर येण्याआधी २७ वर्षं भिक्खू होता, लॅटिन शिकला, इंग्रजी शिकला आणि खगोलाचं तर व्यसनच. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण सयाममध्ये, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमध्ये, नेमकं कुठून दिसेल हे त्याने स्वतः गणित करून काढलं आणि फेचबुरीच्याही दक्षिणेला, वा को नावाच्या किनाऱ्यावर, फ्रेंच खगोलतज्ज्ञ आणि सिंगापूरचा इंग्रज गव्हर्नर यांना बोलावून ते दाखवलं. गणित बरोबर निघालं पण त्या दलदलीत त्याला मलेरिया झाला आणि दीडच महिन्यात, १ ऑक्टोबरला, तो गेला. मुलगाही आजारी पडला होता, तो वाचला, तोच पुढे राजा चुलालोंगकोर्न. आता यातली आपली गोष्ट, जी मी त्या मनोऱ्यापाशी सांगतो: हीच सावली त्याच दिवशी तास-दीड तास आधी आपल्या कोकण किनाऱ्यावरून आत शिरली होती. विजयदुर्गावर जे साहेबाचे ओटे दाखवतात ते याच ग्रहणाचे, जमखंडीला खगोलतज्ज्ञ हर्शेल घराण्यातला लेफ्टनंट दुर्बीण लावून होता, गुंटूरला फ्रेंच खगोलतज्ज्ञ जान्सेन होता, आणि या ग्रहणापासूनच हेलियमच्या शोधाची कहाणी सुरू होते. तिथून ती सावली बंगालचा उपसागर ओलांडून या राजाकडे आली. मागच्या वर्षी देवगडचे एक रिटायर्ड मास्तर होते, ते हे ऐकून बराच वेळ नुसते कठड्याला टेकून समुद्राकडे बघत राहिले, मग म्हणाले आमच्याकडे त्या ओट्यांवर शेरडं बांधतात.

माकडं. टेकडीच्या पायथ्याशी आणि खाओ लुआंगच्या गुहेबाहेर भरपूर. हातात प्लास्टिकची पिशवी म्हणजे त्यांच्या लेखी प्रसाद. माझी अख्खी मिठाईची पेटी एकाने नेली आणि झाडावर बसून उघडून खाल्ली, झाकण तेवढं परत टाकलं. गॉगल, पिशवी, पाण्याची बाटली सगळं सॅकमध्ये.

खाओ लुआंगची गुहा गावाबाहेर थोड्या अंतरावर आहे, छताला भोकं पडलीत आणि सकाळी नऊदहानंतर त्यातून उन्हाचे झोत खाली बुद्धमूर्तींवर येतात. सुंदरच आहे, पण उतरायला उभ्या आणि ओल्या पायऱ्या आहेत, आईला नेऊ नका, तिने त्या वेळात बाजार करावा. आणि बान पुएन पॅलेस, १९१० ते १९१६ मध्ये कार्ल डोरिंग या जर्मन आर्किटेक्टने बांधलेला, लष्करी छावणीच्या आत आहे, पासपोर्ट बरोबर ठेवा. आतल्या टाइल्स बघण्यासारख्या आहेत पण वेळ कमी असेल तर हाच सोडा.

फिरायला तीनचाकी किंवा छोटी टुकटुक, गेस्टहाऊसवाल्याला सांगून अर्ध्या दिवसाची ठरवा, बँकॉकसारखी ॲपवर दोन मिनिटांत गाडी येईल या भरवशावर राहू नका. रोख सुटे पैसे ठेवा, दुकानांत क्यूआर कोड लटकलेले असतात पण ते थाई बँकांचे.

खाणं, कारण आईचा प्रश्न तोच असणार. फेचबुरीला तीन चवींचं गाव म्हणतात, बान लाएमचं मीठ, था यांगचं लिंबू आणि गावचा ताडाचा गूळ, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून यादीत घेतलंय. शाकाहाऱ्याची अडचण मांसाची नसून माशाच्या पाण्याची आहे, नाम प्ला, ते भाजीतही पडतं. 'मांग-सा-वि-रात' म्हणालात तर अंडं येऊ शकतं. 'जे' म्हणा, ते चिनी बौद्ध पद्धतीचं, त्यात मासा नाही, अंडं नाही, कांदालसूणही नाही, जैन मंडळींना फार बरं पडतं, पिवळी पाटी आणि लाल अक्षर बघून दुकान ओळखता येतं. सकाळी बाजारात मिळतं, संध्याकाळपर्यंत संपतं. तरी थेपले आणि मेतकूट घ्याच, मी चौदा वर्षं नेतोय.

आईने जरूर खायचं ते खनोम तान. पिकलेल्या ताडफळाचा पिवळा गर, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, आंबवून वाफवलेलं, वर खोबरं. पहिला घास घेतला की ओळख पटते, हे आपलं सांदण! फणसाच्या जागी ताड, बाकी जातकुळी तीच. ताडगोळेही मिळतात, सोललेले. खनोम मो केंग मात्र बघूनच खा, दिसतं खरवसासारखं, ट्रेमध्ये भाजलेलं, चौकोनी वड्या, पण त्यात अंडी असतात आणि वर चक्क तळलेला कांदा, गोडावर, आणि तो लागतो छान. खाओ चे, म्हणजे मोगऱ्याच्या वासाच्या थंड पाण्यात भिजवलेला भात, ही मोन लोकांकडून आलेली उन्हाळ्याची गोष्ट, त्याबरोबर कोळंबीच्या गोळ्या आणि गोड मासा असतो, शाकाहाऱ्याच्या वाट्याला फक्त गोड मुळा येतो, तेव्हा तो बाबांना खाऊ द्या.

निघायच्या दिवशी सकाळी बाजारातून ताडाचा गूळ घ्या, नाम तान तनोत म्हणायचं. भेसळीचा खूप असतो, त्यात साधी साखर मिसळतात, तो कडक, फिकट आणि सगळ्या वड्या एकसारख्या. चांगला मऊ, जरा चिकट, धुराचा वास असलेला आणि रंगाला कमीजास्त. मुंबईच्या दमटपणात तो पाझरतो, म्हणून डब्यात भरून चेक-इन बॅगेत टाका आणि घरी आलात की फ्रिजमध्ये.